आडनाव हर्पीस, घरचे नाव नागीण

वाचकांचे पत्र (संक्षिप्त):

“माझ्या सासूबाई ६९ वर्षांच्या आहेत आणि गेली दहा-बारा वर्षे त्यांना मधुमेह आहे. मागच्या आठवड्यात त्यांच्या उजव्या बरगड्यांखाली आग होऊ लागली. उसण भरली असेल असे समजून आम्ही दोन दिवस शेकले, तर तिसऱ्या दिवशी पाठीपासून पोटापर्यंत पाण्याने भरलेल्या फोडांची रांग उठली. डॉक्टरांनी नागीण सांगून सात दिवसांच्या गोळ्या दिल्या, पण कागदावर ‘हर्पीस झोस्टर’ असे लिहिले. माझ्या मुलाने ते नाव मोबाइलवर शोधले आणि हर्पीस म्हणजे लैंगिक संबंधातून होणारा रोग, असे सर्वांसमोर वाचून दाखवले. तेव्हापासून सासरे गप्प आहेत, आणि सासूबाई कोणाशी बोलत नाहीत, नीट जेवत नाहीत. ‘मला लहानपणी देवी टोचल्या आहेत, मग हे आले कोठून,’ एवढेच त्या पुन्हा पुन्हा विचारतात. शेजारच्या काकू नागीण उतरवणाऱ्या एका गृहस्थांकडे न्यायला सांगतात; तोंड आणि शेपूट जुळले तर माणूस हाती लागत नाही म्हणे. माझ्या मुलीला नुकताच सहावा महिना लागला आहे. ती रविवारी येऊन गेली आणि तिने आजीच्या अंगाला स्वतःच्या हाताने औषध लावले. तिला लहानपणी ‘गोवर की कांजिण्या, काहीतरी’ येऊन गेले होते. मलाही ताप आला की ओठाच्या कडेला फोड येतात. मुलगा म्हणतो, तेही हर्पीसच. पुढच्या महिन्यात मुलीचे डोहाळजेवण आहे आणि सासूबाई म्हणतात, मी त्या दिवशी खोलीबाहेर येणार नाही.”

— एक वाचक, सातारा जिल्हा

ताई, नमस्कार.

तुमच्या मुलीसंबंधीचा प्रश्न अंक छापून येईपर्यंत थांबण्यासारखा नव्हता, म्हणून त्याचे उत्तर पत्र मिळाले त्याच दिवशी ई-मेलने पाठवले होते. इतर वाचकांसाठी तो भाग पुढे येईलच. परंतु घरात जे मौन पसरले आहे ते कोणत्याही गोळीने जाणारे नाही, म्हणून सुरुवात तेथूनच करतो.

सासूबाईंचा आजार लैंगिक संबंधातून आलेला नाही. आयुष्यात केव्हातरी, बहुधा लहानपणी, त्यांना कांजिण्या येऊन गेल्या असणार, आणि आजची नागीण ही त्याच कांजिण्यांची साठ वर्षांनी आलेली दुसरी खेप आहे. त्यांच्या किंवा सासऱ्यांच्या वागण्याशी तिचा तिळमात्र संबंध नाही. हे वाक्य तुम्ही सासऱ्यांना आधी आणि एकट्याने सांगावे असे मला वाटते, कारण अशा घरांत बाईचे दुखणे जितके दिसते तितकी पुरुषाच्या मनातली शंका दिसत नाही, आणि ती बोलूनही दाखवली जात नाही.

मुलाने वाचले ते खोटे नव्हते. त्याने अर्धेच नाव वाचले. हर्पीस हे एका विषाणूचे नाव नसून कुळाचे नाव आहे, म्हणजे आपल्या भाषेत आडनाव. एकाच आडनावाची माणसे पाच गावांत असतात, आणि त्यांतल्या एकावर फौजदारी झाली म्हणून उरलेल्यांना कोणी जबाबदार धरत नाही. येथे मात्र नेमके तेच झाले. माणसाला जडणारे या कुळातले आठ विषाणू वैद्यकात मोजले जातात. पहिले दोन ‘हर्पीस सिम्प्लेक्स’चे प्रकार. पहिला प्रामुख्याने ओठांवर फोड आणतो, दुसरा प्रामुख्याने जननेंद्रियांवर, आणि मोबाइलच्या पडद्यावर सर्वांत वर येतो तो हाच दुसरा. तिसरा ‘व्हॅरिसेला झोस्टर’, म्हणजे कांजिण्या आणि नागीण या दोन्हींचा एकच मालक. चौथा एप्स्टाइन-बार. तो १९६४ मध्ये आफ्रिकेतील मुलांच्या जबड्यात होणाऱ्या एका गाठीच्या नमुन्यात प्रथम सापडला, आणि एरवी तो घसा, ताप आणि मानेच्या गाठी यांचा लांबणारा आजार आणतो. पाचवा सायटोमेगॅलो, सहावा आणि सातवा तान्ह्या मुलांना तीन-चार दिवस कडक ताप आणून, ताप उतरल्यावर अंगावर गुलाबी पुरळ उठवतात, आठवा आपल्या वाचकांच्या वाट्याला क्वचितच येईल. यांतले बहुतेक विषाणू आपल्यापैकी बहुतेकांच्या शरीरात या ना त्या वयात शिरलेले असतात, आणि कुळाचा गुण म्हणावा तो एवढाच की एकदा शिरले की ते घर सोडत नाहीत, कोठेतरी निजून राहतात.

नावाचा घोटाळा दुसऱ्या बाजूनेही होतो. ‘हर्पांजायना’ म्हणून मुलांच्या घशात फोड येण्याचा एक आजार आहे. त्याच्या नावात हर्पीस आहे, पण तो या कुळातल्या विषाणूने होत नाही. ‘डर्मटायटिस हर्पेटिफॉर्मिस’ हा तर विषाणूचा आजारच नव्हे; गव्हातील ग्लूटेन न सोसणाऱ्या माणसांच्या त्वचेवर उठणारे ते खाजरे फोड आहेत. उलट ‘कांजिण्या’ या शब्दात हर्पीसचा मागमूसही नाही, आणि तरीही त्या अस्सल त्या घरच्या आहेत. डॉक्टरांच्या कागदावरील नावे बरीच जुनी आहेत. विषाणू म्हणजे काय हे कोणालाही ठाऊक नव्हते त्या काळी, केवळ डोळ्यांना दिसणाऱ्या पुरळावरून ती ठेवली गेली.

हर्पीस हा शब्द ग्रीक वैद्यांचा आहे. त्याच्या मुळाशी ‘सरपटणे’ या अर्थाचा धातू आहे, कारण त्वचेवरून पसरत जाणाऱ्या अनेक प्रकारच्या पुरळांना ते हेच नाव देत असत. आता पुढचे सासूबाईंना अवश्य सांगा. त्या ग्रीक धातूचा संस्कृतातला सख्खा भाऊ ‘सृप्’ हा आहे, आणि त्यापासूनच आपला ‘सर्प’ झाला. झोस्टर म्हणजे ग्रीकमध्ये कमरपट्टा. म्हणजे ज्या नावाने घर हादरले त्याचा शब्दशः अर्थ ‘कमरेभोवतीची सरपटणारी’ असा होतो, आणि आपल्या आज्या-पणज्यांनी तेच रूप पाहून तिला नागीण म्हटले. डॉक्टरांनी कागदावर शेजारच्या काकूंपेक्षा वेगळे काहीच लिहिलेले नाही.

आता ही कमरेभोवती का सरपटते ते पाहू, कारण तोंड-शेपटीच्या भीतीचे उत्तर त्यातच आहे. कांजिण्या बऱ्या झाल्या तरी त्यांचा विषाणू शरीराबाहेर जात नाही. तो मज्जारज्जूच्या दोन्ही अंगांना असलेल्या संवेदना-नसांच्या गाठींमध्ये लपून बसतो. वय वाढले, मधुमेह रेंगाळला, स्टिरॉइडची किंवा कर्करोगाची औषधे घ्यावी लागली, की शरीराचा पहारा सैल होतो, आणि एखाद्या गाठीतला विषाणू जागा होऊन तेथून निघणाऱ्या नसेच्या वाटेने त्वचेपर्यंत येतो. ही कल्पना नीट मांडली ती एडगर होप-सिम्पसन या इंग्लंडमधील एका लहान गावात प्रॅक्टिस करणाऱ्या फॅमिली डॉक्टरने. स्वतःच्या रुग्णांच्या सोळा वर्षांच्या नोंदींवरून त्याने १९६५ मध्ये ती प्रसिद्ध केली. मोठ्या प्रयोगशाळांना जे जुळवता आले नव्हते ते खेडेगावच्या दवाखान्यातील वहीने जुळवले, याचे मला एक फॅमिली डॉक्टर म्हणून थोडे अप्रूप आहे.

मणक्यातून निघणारी प्रत्येक नस शरीराच्या एकाच अर्ध्या भागाला पुरते, उजवी उजव्या आणि डावी डाव्या, आणि छाती-पोटाच्या मध्यरेषेवर तिची हद्द संपते. म्हणून नागीण पाठीच्या कण्यापासून निघते, बरगडीच्या वळणाने पुढे येते आणि पोटाच्या मध्याशी थांबते. तिचे तोंड आणि शेपूट सहसा जुळत नाही. ते मंत्राने अडवले म्हणून नव्हे, तर नस तेथे संपते म्हणून. नागीण उतरवणाऱ्याला यश हटकून येते तेही याचमुळे. तो काव फासतो, रेघ ओढतो, आणि नागीण ज्या रेषेवर आपोआप थांबणारच होती तेथे थांबते. दोन ते चार आठवड्यांत जी बहुधा स्वतःच सुकणार होती ती सुकते. जुन्या समजुतीत सत्याचा एक कण मात्र आहे आणि तो मी नाकारणार नाही. फोड शरीराच्या दोन्ही बाजूंना उठले किंवा अंगभर पसरले, तर प्रतिकारशक्ती फार खालावल्याचे ते लक्षण असते आणि अशा रुग्णाला तातडीने रुग्णालयात न्यावे लागते. त्याचप्रमाणे कपाळावर, डोळ्याभोवती किंवा नाकाच्या शेंड्यावर फोड दिसले तर त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जावे, कारण दृष्टीला धोका असतो. कानात फोड येऊन तोंड वाकडे झाले तरी वाट पाहू नये.

त्या गृहस्थांकडे जाऊ नका असे मी सांगतो ते श्रद्धेच्या वादासाठी नव्हे. फुटलेल्या फोडांवर काव, चुना किंवा झाडपाल्याचा लेप बसला की जंतुसंसर्ग होतो, आणि मधुमेही त्वचेवर तो लवकर चिघळतो. शिवाय नागिणीच्या गोळ्यांचा खरा उपयोग पुरळ उठल्यापासून ७२ तासांच्या आत सुरू केल्यास होतो. उतरवण्याच्या वाऱ्या करण्यात नेमके तेच तीन दिवस जातात. तुम्ही वेळेवर डॉक्टरांकडे गेलात. काकूंना दुखवायचे नसेल तर त्यांनी नाव बरोबर ओळखले एवढे श्रेय त्यांना जरूर द्या.

‘देवी टोचल्या होत्या’ हा सासूबाईंचा प्रश्न रास्त आहे आणि त्याची टिंगल होऊ नये. त्यांच्या पिढीच्या दंडावर तो गोल वण असतो. देवी, गोवर आणि कांजिण्या ही तीन नावे आपण एका दमात घेतो, म्हणून ती एकाच घरची वाटतात. प्रत्यक्षात तिघांची घराणी निराळी आहेत. देवीचा विषाणू पॉक्स कुळातला. भारतात त्याचा शेवटचा रुग्ण १९७५ मध्ये आढळला आणि १९८० मध्ये जगातून देवीचे उच्चाटन झाल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने जाहीर केले. इंग्रजीत कांजिण्यांच्या नावातही ‘पॉक्स’ आहे, पण तो केवळ पुरळाच्या सारखेपणामुळे चिकटलेला शब्द आहे. देवीची लस देवीपुरती होती; तिने कांजिण्यांना कधीच अडवले नाही, मग नागिणीला कशी अडवणार?

नावांचा हा गोंधळ केवळ गमतीचा राहत नाही, हे तुमच्या मुलीच्या बाबतीत दिसते. ‘गोवर की कांजिण्या, काहीतरी’ या चार शब्दांवर येथे सगळे अवलंबून आहे. नागिणीच्या फोडांतील पाण्यात जिवंत विषाणू असतो आणि फोड फुटून खपली धरेपर्यंत त्याच्या स्पर्शाने लागण होऊ शकते. ज्याला ती होते त्याला नागीण होत नाही, कांजिण्या होतात, आणि त्याही पूर्वी कांजिण्या येऊन गेल्या नसतील किंवा त्यांची लस घेतलेली नसेल तरच. मुलीला कांजिण्या येऊन गेल्या असतील तर तिला आणि बाळाला आजीपासून काही भय नाही. पण येऊन गेला तो गोवर असेल, तर त्याने कांजिण्यांपासून कोणतेच संरक्षण मिळत नाही. म्हणून आठवून पाहा. गोवरात आधी ताप, खोकला, वाहणारे नाक आणि लाल डोळे असतात, आणि मग कानामागून व चेहऱ्यावरून सुरू होऊन खाली उतरणारे सपाट लाल पुरळ येते. त्यात पाणी नसते. कांजिण्यांत दवाच्या थेंबासारखे फोड टप्प्याटप्प्याने उठतात, एकाच वेळी काही नवे, काही पिकलेले आणि काही खपलीचे असे दिसतात, भयंकर खाज असते, आणि खाजवलेल्या जागी कपाळावर किंवा पाठीवर एखाददुसरा खोलगट वण पुष्कळदा आयुष्यभर राहतो.

आठवणीने निकाल लागला नाही तर रक्ताची एक तपासणी असते. व्हॅरिसेला झोस्टरविरुद्धची ‘आयजीजी’ प्रतिपिंडे, म्हणजे त्या विषाणूशी लढणारी रक्तातली संरक्षक द्रव्ये, आहेत की नाहीत ते तीत कळते. ती आहेत असे दिसले की विषय संपला. नसली तर संपर्क झाल्यापासून दहा दिवसांच्या आत तयार प्रतिपिंडांचे इंजेक्शन देता येते. ते सर्वत्र हाताशी नसते आणि ते द्यावे की नाही हे प्रसूतितज्ज्ञांनीच ठरवायचे असते, म्हणूनच तुम्हाला त्याच दिवशी कळवले. कांजिण्यांमुळे गर्भात होणारे दुर्मीळ व्यंग प्रामुख्याने पहिल्या वीस आठवड्यांतील लागणीशी जोडलेले आहे आणि मुलगी तो काळ ओलांडून गेली आहे; तथापि गरोदर स्त्रीला स्वतःला कांजिण्यांत न्यूमोनिया होण्याची भीती असते, त्यामुळे दुर्लक्ष करता येत नाही. कांजिण्या यायच्याच असतील तर संपर्कानंतर साधारण दहा ते एकवीस दिवसांत दिसतात. त्या दिवसांत ताप किंवा एकही फोड दिसला तर दवाखान्यात जाण्यापूर्वी फोन करून कल्पना द्यावी, म्हणजे बाहेर बसलेल्या इतर गरोदर स्त्रियांमध्ये तिला बसावे लागणार नाही. कांजिण्यांची लस गरोदरपणी देत नाहीत. प्रतिपिंडे नाहीत असे निघाले तर बाळंतपणानंतर ती घेण्याविषयी विचारून ठेवावे.

आता तुमचे ओठ. मुलगा येथे बरोबर आहे. ताप ओठावर फुटला असे आपण ज्याला म्हणतो तो ‘हर्पीस सिम्प्लेक्स’चा पहिला प्रकार. तो बहुतेकांना लहानपणी घरातल्याच कोणाच्या तरी पाप्यातून मिळतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार पन्नाशीच्या आतील जगातल्या सुमारे दोन तृतीयांश माणसांच्या शरीरात तो आहे. मुलाला हे ऐकवा. बहुधा त्याच्याही शरीरात असेल. दुसऱ्या प्रकाराविषयीही एक वाक्य लिहितो, कारण हे पत्र वाचणाऱ्यांपैकी कोणालातरी तो असेल. जननेंद्रियांवरचा हर्पीस हाही एक विषाणूचा आजार आहे, कधीकधी पहिल्या प्रकारच्या विषाणूनेही होणारा, औषधाने आटोक्यात राहणारा. ‘आपल्या आजीला तो नाही’ हे सांगताना ज्याला तो आहे त्याच्याकडे बोट दाखवण्याची गरज नाही. तुम्ही मात्र एक पथ्य कडक पाळा. नातवंड झाल्यावर ओठाला फोड असतील त्या दिवसांत बाळाचा पापा घेऊ नका आणि फोडाला हात लागल्यास साबणाने धुतल्याशिवाय बाळाला उचलू नका. तुम्हाला किरकोळ वाटणारा हा फोड पहिल्या काही आठवड्यांच्या बाळाच्या मेंदूपर्यंत पोहोचू शकतो. पाहुण्यांनाही हे सांगावे लागेल आणि त्यात कोणी रुसले तर रुसू द्यावे.

सासूबाईंच्या दुखण्याबद्दल तुम्ही पत्रात फारसे लिहिलेले नाही, आणि मला काळजी त्याचीच अधिक आहे. नागिणीने नस सोलवटल्यासारखी होते. खपल्या पडून त्वचा स्वच्छ झाल्यावरही आग, ठणका आणि विजेचा झटका बसल्यासारख्या कळा राहू शकतात. काही बायका सांगतात की पदराचा स्पर्शही सोसत नाही, पण तीच जागा हाताने घट्ट धरली तर बरे वाटते. पुरळ उठल्यापासून तीन महिन्यांनंतरही ते दुखत राहिले तर त्याला नागिणीनंतरचे नसेचे दुखणे म्हणतात, आणि वय जितके जास्त तितकी त्याची शक्यता अधिक असते. नेहमीच्या वेदनाशामकांनी ते हटत नाही आणि मधुमेहात त्या गोळ्या स्वतःच्या मनाने घेतल्यास मूत्रपिंडावर ताण येतो. त्यासाठी नसेवर काम करणारी गॅबापेंटिन, प्रीगॅबालिन, अमिट्रिप्टिलिन अशी निराळी औषधे आहेत. ती डॉक्टर कमी मात्रेपासून चढवत नेतात, आणि सुरुवातीला झोप व घेरी येते म्हणून रात्री उठताना सासूबाईंना हात द्यावा लागेल. ‘जखम भरली, आता काय दुखतंय’ असे घरात कोणी म्हणू नये. त्या जेवत नाहीत यामागे लाज किती आणि ठणका किती, हे त्यांना एकदा सरळ विचारा. मधुमेहाच्या गोळ्या चालू असताना उपाशी राहणे तर मुळीच चालणार नाही.

लसीचे तुम्ही विचारलेले नाही, पण तुम्ही आणि तुमचे यजमान पन्नाशीच्या पुढे असाल तर माहीत असावे. नागिणीची दोन डोसांची लस २०२३ पासून भारतात मिळते. तिच्यात जिवंत विषाणू नसतो, दोन डोसांत दोन ते सहा महिन्यांचे अंतर ठेवतात, आणि पन्नाशीनंतरच्या माणसांवरील मोठ्या चाचण्यांत तिने नव्वद टक्क्यांहून अधिक संरक्षण दिले. ती सरकारी लसीकरणात नाही आणि प्रत्येक डोसला कित्येक हजार रुपये पडतात, त्यामुळे सर्वांनी घ्यावीच असे मी लिहिणार नाही. चालू नागिणीवर तिचा उपयोग नाही. सासूबाई पूर्ण बऱ्या झाल्यावर त्यांच्या डॉक्टरांना विचारून पुढच्या खेपेसाठी घेता येईल, कारण नागीण क्वचित दुसऱ्यांदाही होते.

मुलावर रागावू नका. त्याने शोधले ते काळजीनेच, फक्त पहिल्या शब्दावर थांबला. त्यानेच आजीजवळ बसून सांगावे, “आजी, लहानपणी तुला कांजिण्या आल्या होत्या ना, त्याच परत आल्यात, मी चुकीचं वाचलं.” सासऱ्यांनी ते ऐकायला समोर असावे.

डोहाळजेवणाचे म्हणाल तर पुरळाच्या सर्व फोडांवर खपली धरली की नागिणीची लागण संपते, आणि त्याला सहसा सात ते दहा दिवस लागतात. हे उत्तर तुमच्या हाती पडेल तोवर ते झालेले असेल. तेव्हा त्या दिवशी सासूबाईंना खोलीत बसू देऊ नका. ठणका असेल तर सैल सुती पोलके घाला, लवकर बसवा, पाठीला लोड द्या, आणि नातीची पहिली ओटी त्यांनाच भरू द्या.